शिफारसपत्र कधी मागायचं, कुठे पोहोचवायचं : अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या अर्जासाठी

भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. पुढे कॅटेगरी, कोटा, सीईटी सेलच्या फेऱ्या. पण कुणा सरांचं पत्र त्यात कुठेच लागत नाही. म्हणूनच न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा टेक्सासमधल्या डॅलसला राहणाऱ्या मराठी घरांत मुलं 'प्री-मेड', म्हणजे पदवी घेता घेता मेडिकल प्रवेशाची तयारी, करायला लागली की सगळं लक्ष जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेवर एकवटतं, आणि शिफारसपत्रं 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणून मागे पडतात. मग ऐन जुलैत, बाकी सगळं तयार असताना, एका पत्रापायी फाइल अडून बसते. हे टाळता येतं. मात्र पत्र कुठून निघतं, कुठे थांबतं आणि कुठे पोहोचतं हे आधी माहीत हवं.

एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्याकडची पदव्युत्तर एमडी नव्हे) देणाऱ्या बहुतेक अमेरिकन मेडिकल स्कूलांचा अर्ज ॲमकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातो. ती एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) या डॉक्टरकीच्या दुसऱ्या पदवीच्या कॉलेजांसाठी अकोमास ही व्यवस्था आहे, आणि टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल स्कूलांसाठी टीएमडीएसएएस. पत्रांबाबत तिघांचे नियम वेगवेगळे आहेत. सर्वांत जास्त विद्यार्थ्यांचा संबंध ॲमकॅसशी येतो, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

अर्ज पत्रांसाठी थांबवायचा नाही

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच : 'सगळी पत्रं आली की मग अर्ज सबमिट करू.' असं करू नका.

ज्या वर्षी ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायचे, त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ॲमकॅसचा अर्ज भरायला खुला होतो. मेच्या अखेरीस तो सबमिट करता येतो. त्यानंतर ॲमकॅसचे कर्मचारी अर्जात भरलेला प्रत्येक विषय आणि प्रत्येक ग्रेड कॉलेजकडून आलेल्या ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे गुणपत्रकाशी, ताडून पाहतात. याला व्हेरिफिकेशन म्हणतात. जूनच्या गर्दीत त्याला सहा आठवडेही लागू शकतात. व्हेरिफाय झालेले अर्ज मेडिकल स्कूलांकडे जायला जूनच्या शेवटी सुरुवात होते.

या सगळ्यात पत्रांची गरज कुठेच नाही. एकही पत्र आलेलं नसताना अर्ज सबमिट होतो, व्हेरिफाय होतो आणि पुढेही जातो. रांग सबमिट केल्याच्या तारखेने लागते. पत्रासाठी तीन आठवडे थांबलात तर व्हेरिफिकेशनच्या रांगेत तुमच्या पुढे हजारो अर्ज उभे राहतात, आणि ते पत्र वेळेत आलं तरी गेलेली जागा परत मिळत नाही.

पत्र आडवं येतं ते पुढच्या टप्प्यावर. अर्ज पोहोचल्यावर मेडिकल स्कूल आपला स्वतःचा वेगळा अर्ज पाठवतं. त्याला सगळे सेकंडरी म्हणतात. त्यातले निबंध साधारण दोन आठवड्यांत लिहून परत पाठवायचे असतात. व्हेरिफाय झालेला अर्ज, सेकंडरी, एमकॅटचे गुण आणि पत्रं हे सगळं जमलं की फाइल 'कम्प्लीट' धरतात. बहुतेक ठिकाणी कम्प्लीट झाल्यावरच प्रवेश ठरवणारी कमिटी ती उघडून वाचते आणि मुलाखतीला बोलवायचं का ते ठरवते. मुलाखती ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात, आणि बहुतेक मेडिकल स्कूलं जागा भरत भरत पुढे जातात. उशिरा कम्प्लीट झालेल्या फाइलच्या वाट्याला उरलेले मुलाखतीचे दिवस येतात.

एक उदाहरण घेऊ. अर्ज 20 जूनला व्हेरिफाय झाला, एमकॅटचे गुण आधीच आलेले आहेत, सेकंडरी 15 जुलैला परत गेली. तीन पत्रं जूनमध्येच पोहोचली, पण मेडिकल स्कूलने मागितलेलं विज्ञानाच्या दुसऱ्या प्राध्यापकाचं पत्र 28 ऑगस्टला आलं. त्या मेडिकल स्कूलच्या दृष्टीने अर्जाची तारीख 28 ऑगस्ट. जूनपर्यंत केलेली सगळी धावपळ फुकट. त्यामुळे पत्रं पोहोचण्याची खरी मुदत सेकंडरीच्या तारखेवर बेतायची. जूनअखेर सगळी पत्रं आली तर उत्तम, जुलैच्या मध्यापर्यंत आली तरी काही बिघडत नाही. ऑगस्ट उजाडला की काळजी करायला हवी.

मागायची वेळ : जानेवारी ते मार्च

जूनअखेर पत्र हवं असेल तर ते स्प्रिंग सेमिस्टर चालू असताना मागायचं, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. यामागचं कारण साधं आहे. अमेरिकेत अनेक प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा असतो. मेच्या मध्याला ग्रेड भरून झाले की ते संशोधनाला, प्रवासाला किंवा सुट्टीवर निघून जातात. जूनमधल्या ईमेलला 'ऑगस्टमध्ये परत येईन' असं आपोआप उत्तर येतं आणि तिथेच गाडी अडते. शिवाय मार्चनंतर त्याच प्राध्यापकांकडे इतर प्री-मेड मुलांचीही रांग लागते. लिहिणाऱ्याला सहा ते आठ आठवडे मिळतील असं बघा. दोन आठवड्यांत मागितलेलं पत्र दोन आठवड्यांतच लिहिल्यासारखं दिसतं.

पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून अर्ज करणाऱ्यांनी वेगळा विचार करायला हवा. ज्या सेमिस्टरमध्ये प्राध्यापकांनी तुम्हाला जवळून पाहिलं, ते संपायच्या आतच पत्र मागून इंटरफोलिओसारख्या सेवेत जमा करून ठेवा. वार्षिक शुल्क भरलं की ही सेवा पत्रं गोपनीय ठेवून पुढे पाठवते. दोन वर्षांनी प्राध्यापकांना चेहरा आठवतो, पण तुम्ही प्रयोगशाळेत काय केलंत ते आठवत नाही. मात्र अनेक मेडिकल स्कूलांना पत्र ताजं, साधारण गेल्या एक-दोन वर्षांतलं लागतं. म्हणून अर्जाच्या वर्षी त्याच प्राध्यापकांना नवी तारीख घालून, मधल्या काळातली एखादी भर टाकून द्यायची विनंती करायची. मूळ मजकूर तयार असल्याने ते काम दहा-पंधरा मिनिटांचं होतं.

कोणाकडून

सर्वसाधारण अपेक्षा अशी : दोन पत्रं विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची, एक विज्ञानेतर विषयाच्या प्राध्यापकांचं, आणि वर एक-दोन, म्हणजे संशोधनातले मार्गदर्शक, तुम्ही ज्यांच्यासोबत काम केलंत ते डॉक्टर, किंवा सेवाकार्यातले वरिष्ठ. ॲमकॅसमध्ये जीव, रसायन, भौतिक आणि गणित हे चार विषय विज्ञानात धरतात, पण पत्रापुरतं गणित किंवा इंजिनिअरिंग चालतं का, हे प्रत्येक मेडिकल स्कूल आपापलं ठरवतं. तिथे अंदाज बांधू नका, त्यांच्या संकेतस्थळावर वाचून तक्त्यात टिपून ठेवा. डीओ कॉलेजांपैकी अनेकांना डीओ डॉक्टरांचं पत्र हवं असतं. एमडी-पीएचडीसाठी तर ज्या ज्या प्रयोगशाळेत लक्षणीय काम केलं, तिथल्या प्रत्येक मार्गदर्शकाचं पत्र सहसा अपेक्षित असतं. एखाद्याचं वगळलं तर 'तिथे काय झालं?' असा प्रश्न उभा राहतो.

तीनशे जणांच्या वर्गातल्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना तुमचं नावही माहीत नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. अशा वेळी लॅब घेणाऱ्या टीचिंग असिस्टंटने मजकूर लिहायचा आणि प्राध्यापकांनी त्यावर आपली सही करायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. नुसती टीचिंग असिस्टंटची सही मात्र पुष्कळ मेडिकल स्कूलं प्राध्यापकाचं पत्र म्हणून धरत नाहीत.

ओळखीतल्या मोठ्या माणसाचं पत्र घ्यायचा मोह आपल्याकडे फार. काका सर्जन आहेत, बाबांचे मित्र विभागप्रमुख आहेत. नातेवाइकाचं आणि कौटुंबिक स्नेह्याचं पत्र कमिटीला निरुपयोगी वाटतं आणि अनेक मेडिकल स्कूलं ते स्पष्टपणे नाकारतात. नामवंत डॉक्टरांनी लिहिलेल्या 'हा हुशार व होतकरू विद्यार्थी आहे' यापेक्षा, सेमिस्टरभर दर आठवड्याला तुम्हाला भेटलेल्या असिस्टंट प्रोफेसरांचं पत्र कितीतरी वजनदार ठरतं.

पत्रात काय हवं याबाबत एएएमसीच्या मार्गदर्शनाचा गाभा असा की, जे अर्जात इतरत्र आहेच, म्हणजे जीपीए आणि एमकॅट, ते पुन्हा सांगू नका. विद्यार्थ्याचं वागणं सांगा, आणि ते तुम्ही स्वतः पाहिलेल्या प्रसंगावरून सांगा. 'वर्गात पहिल्या दहांत होती' या वाक्याने फारसं काही कळत नाही. 'तिच्या गटाचं टायट्रेशन तीनदा चुकलं. तिने वही मागे चाळत बसून ब्युरेटचं पहिलं वाचन चुकीचं नोंदल्याचं शोधून काढलं, आणि अहवालात ते झाकलं नाही' हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. मेडिकल स्कूलला नेमकी अशीच माणसं हवी असतात.

कसं मागायचं

शक्यतो ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळेत, समोर जाऊन मागा. विचारायचा प्रश्न 'पत्र द्याल का?' असा नको, 'मेडिकल स्कूलसाठी माझं भक्कम पत्र लिहिता येईल इतकी माझी ओळख तुम्हाला आहे असं वाटतं का?' असा हवा. या प्रश्नात समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. प्राध्यापक चाचरले, 'बघू, वेळ मिळाला तर' म्हणाले, तर तो नकार समजा आणि आभार मानून दुसऱ्याकडे जा. कोमट पत्रं कमिटीला लगेच ओळखू येतात, कारण त्यांनी भरभरून लिहिलेली पत्रंही रोज वाचलेली असतात.

हो म्हणाल्यावर एकाच ईमेलमध्ये सगळं द्या : सीव्ही, ट्रान्सक्रिप्टची साधी प्रत, पर्सनल स्टेटमेंटचा (अर्जातल्या 'डॉक्टर का व्हायचंय' या निबंधाचा) मसुदा, त्यांच्या कोर्समध्ये कुठल्या सेमिस्टरला काय ग्रेड मिळाली, तुमचा एखादा चांगला लॅब रिपोर्ट, त्यांच्यासमोर घडलेल्या दोन-तीन गोष्टींची आठवण, आणि तारीख. तारीख खऱ्या मुदतीच्या तीन-साडेतीन आठवडे आधीची द्या. पत्र जूनअखेर हवं असेल तर 5 जून सांगा. पत्र लेटरहेडवर, सही आणि तारखेसह असावं आणि मायना 'ॲडमिशन्स कमिटी'ला उद्देशून, कुठल्याही एका मेडिकल स्कूलचं नाव न घेता असावा, हेही सांगा. एकच पत्र पंधरा-वीस ठिकाणी जातं. त्यात एखाद्या ठिकाणचं नाव राहिलं तर उरलेल्या सगळ्यांना ते वाचावं लागतं.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं भारतात अनेक जण सहज, आणि बहुतेकदा प्रेमानेच, म्हणतात. उन्हाळ्यात महाराष्ट्रात येऊन एखाद्या ग्रामीण दवाखान्यात महिनाभर काम केलेल्या मुलांना हा अनुभव हमखास येतो. अमेरिकेत हे चालत नाही. पत्र वाचायचा हक्क सोडला असं लिहून द्यायचं आणि पत्र स्वतःच लिहायचं, हा सरळ खोटेपणा होतो, आणि पर्सनल स्टेटमेंटशी भाषा जुळली की तो उघडाही पडतो. अशा डॉक्टरांना नम्रपणे सांगा की मी मुद्दे देते, मजकूर तुमचाच हवा. ते शक्य नसेल तर पत्र घेऊच नका, ते काम अर्जातल्या अनुभवांच्या यादीत लिहा.

हा हक्क कुठला? 1974 च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याला आपल्याबद्दलची शैक्षणिक कागदपत्रं पाहता येतात. तो हक्क त्या पत्रापुरता सोडायचा की नाही, हे अकोमास, इंटरफोलिओ आणि कॉलेजच्या प्री-मेड कमिट्या (त्यांच्याबद्दल पुढे) विचारतात. सोडा. न सोडलेल्या पत्रावर तशी नोंद येते, आणि लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलं असेल असं वाचणारा धरून चालतो.

पत्राचा क्रमांक

ॲमकॅसमध्ये पत्रांच्या विभागात प्रत्येक पत्राची एक नोंद करायची. नोंदी जास्तीत जास्त 10. त्यात तीन प्रकार येतात : एका व्यक्तीचं स्वतंत्र पत्र, कॉलेजच्या प्री-मेड कमिटीचं पत्र, आणि करिअर सेंटरने एकत्र बांधलेला पत्रांचा संच. संचात पाच पत्रं असली तरी नोंद एकच होते. नोंद केली की लेटर आयडी मिळतो, आणि पत्र मागणीचा एक फॉर्म तयार होतो. त्यावर तुमचा आठ आकडी एएएमसी आयडी आणि हा लेटर आयडी असतो. हा फॉर्म लिहिणाऱ्याला पाठवायचा. ते ॲमकॅसच्या पत्रलेखकांसाठीच्या पोर्टलवर दोन्ही क्रमांक घालून पत्र चढवतात, किंवा इंटरफोलिओतून तेच क्रमांक जोडून पाठवलं जातं. ॲमकॅस पत्र ईमेलने घेत नाही.

घोटाळे होतात ते इथेच. दोन प्राध्यापकांना एकमेकांचे फॉर्म गेले तर एकाचं पत्र दुसऱ्याच्या नावावर बसतं. संच येणार असताना नोंद स्वतंत्र पत्राची केली, तर अर्ज सबमिट झाल्यावर प्रकार बदलता येत नाही. इंटरफोलिओतून पाठवताना लेटर आयडीच्या जागी एएएमसी आयडी टाकला तर पत्र जागेवर जोडलंच जात नाही. म्हणून प्रत्येक फॉर्मच्या फाइलला त्या त्या प्राध्यापकांचं आडनाव द्या आणि पाठवण्याआधी क्रमांक मोठ्याने वाचून पडताळा.

नंतर प्रत्येक पत्र कुठल्या मेडिकल स्कूलला जायचं ते तुम्ही ठरवायचं. सबमिट केल्यावर जुनी नोंद खोडता येत नाही, पण दहाच्या मर्यादेत नवी भर घालता येते. एखादं पत्र येणारच नाही असं कळलं तर 'आता पाठवलं जाणार नाही' अशी खूण करायची सोय आहे, ती जरूर वापरा. याचं कारण असं की काही मेडिकल स्कूलं किमान पत्रं आली की फाइल पुढे नेतात, तर काही तुम्ही नेमलेली सगळी पत्रं येईपर्यंत थांबतात. न येणाऱ्या पाचव्या पत्राच्या नावाने फाइल दोन महिने पडून राहू शकते. दहा जागा आहेत म्हणून दहा पत्रं गोळा करायचीही गरज नाही. चार ते सहा चांगली पत्रं पुरतात, आणि काही ठिकाणी कमाल मर्यादाही असते.

अकोमासची रीत वेगळी. तिथे तुम्ही ईमेल पत्ता भरला की लिहिणाऱ्याला व्यवस्थेकडून थेट मेल जातो, आणि तो पुष्कळदा स्पॅममध्ये सापडतो. तिथे आलेली पत्रं तुम्ही अर्ज केलेल्या सगळ्या कॉलेजांना जातात, निवड करता येत नाही. म्हणून 'माझ्या अमुक कॉलेजसाठीच हे पत्र' अशी आखणी तिथे करू नका.

कॉलेजमध्ये प्री-मेड कमिटी असेल तर

काही कॉलेजांत प्री-मेड कमिटी प्राध्यापकांची पत्रं मागवून, तुमची मुलाखत घेऊन एक एकत्रित पत्र लिहिते. या कमिटीच्या अंतर्गत मुदती फार लवकर असतात, बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातच. त्या चुकल्या की पुढचं काही हाती राहत नाही, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा विचारून घ्या. कमिटीचं पत्र जुलै-ऑगस्टपर्यंत जाणं नेहमीचं आहे आणि मेडिकल स्कूलांना ते ठाऊक असतं. कॉलेजात कमिटी असूनही तिचं पत्र घेतलं नाही, तर सेकंडरीत कारण विचारलं जाऊ शकतं. वेळापत्रक जुळलं नाही किंवा पदवी घेऊन बरीच वर्षं झाली, असं जे खरं कारण असेल ते दोन वाक्यांत लिहा.

आठवण करून देणं

पत्र लिहायला विसरणं हा प्राध्यापकांच्या आयुष्यातला रोजचा प्रकार आहे. त्यात तुमच्याबद्दलची नाराजी शोधू नका आणि आठवण करून द्यायला संकोचूही नका. दिलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी एक छोटा ईमेल, त्यात फॉर्म पुन्हा जोडलेला. जुना मेल शोधायला लागला की काम उद्यावर जातं. एक आठवडा आधी दुसरा. तारीख उलटली तर प्रत्यक्ष जाऊन भेटा किंवा विभागाच्या ऑफिसला फोन करा. त्यानंतरही आठवडाभर हालचाल नसेल तर राखीव माणूस कामाला लावा. हा राखीव माणूस मार्चमध्येच ठरवलेला हवा. चार पत्रं लागत असतील तर पाच जणांना विचारून ठेवा.

प्राध्यापकांनी 'पाठवलं' म्हटलं तरी ॲमकॅसमध्ये ते 'मिळालं' असं दिसेपर्यंत काम झालेलं नसतं. चढवताना शेवटचं बटण दाबायचं राहून गेलेलं असू शकतं. आणि ॲमकॅसमध्ये मिळालेलं दिसलं तरी प्रत्येक मेडिकल स्कूलच्या पोर्टलवर फाइल कम्प्लीट दिसते का, हे सेकंडरी पाठवल्यावर दोन आठवड्यांनी बघा.

पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर गेल्या वर्षीची पत्रं ॲमकॅसमध्ये आपोआप पुढे येत नाहीत. नव्या वर्षी नवी नोंद, नवा लेटर आयडी, आणि प्रत्येकाने पुन्हा चढवणं. इंटरफोलिओत ठेवलेली पत्रं इथे उपयोगी पडतात, पण जुन्या तारखेचं पत्र तसंच पाठवू नका. ज्यांनी लिहिलं त्यांना फेब्रुवारीतच भेटून गेल्या वर्षात काय केलंत, अर्जात काय बदललंय ते सांगा, आणि त्यातला एखादा मुद्दा घालून पत्र नव्याने द्यायला सांगा. एखाद्या पत्राबद्दल मनात शंका असेल, तर हीच वेळ ते बदलून दुसऱ्या कुणाकडून मागायची.